सिस्टरला दिसतं, पण ठरवता येत नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातली एक आजी धरा. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह बरीच वर्षं, ३०/७० इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण) दिवसातून दोनदा. ओपीडीत साखर कायम चढलेली, म्हणून दर खेपेला दोन-दोन युनिटं वाढवली जातात. घरी मात्र सकाळी दहाच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात. म्हणून ती आठवड्यातून तीन-चार दिवस इंजेक्शनच घेत नाही. हे ती डॉक्टरांना सांगत नाही, कारण ते रागावतील. कागदावर तिच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'औषधं नीट घेत नाही'.

आता तिच्यापाशी बसून चार प्रश्न विचारणारी सिस्टर हवी.

"आजी, सकाळचं इंजेक्शन किती वाजता?"
"सातला. सून कामाला जाते ना बाय, ती देऊन जाते."
"मग खाता काय?"
"कोरा चहा. असलं तर एखादं बिस्किट. अकराला पेज."

निदान इथेच झालं. ३०/७०मधला तीस टक्के भाग अर्ध्या तासात कामाला लागतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वात जास्त असतो, म्हणजे नऊ ते अकरा. नेमकं तेव्हा पोट रिकामं. सुनेच्या बसची वेळ हलणार नाही, तेव्हा पेज हलवायची: इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने, साडेसातला वाटीभर पेज आणि सोबत मूग किंवा अंडं, अकराला उरलेली थोडी. डोसही कमी करावा लागेल. साखर उतरण्याचे असे झटके येत असतील तर तो १० ते २० टक्के कमी करणं ही सर्वमान्य पद्धत आहे. झटका आलाच तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

चौकशी एवढ्यावर थांबवू नये. सिरिंज बघायला मागा. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलिलिटर असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४०च्या कुपीतलं औषध नारिंगी सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात फक्त ४ युनिटं जातात. उलट १०० युनिटचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने दहापर्यंत ओढलं तर २५ जातात, आणि त्यात माणूस बेशुद्ध पडतो. फार्मसीवाल्याने हाताला लागली ती सिरिंज दिली, एवढंच निमित्त पुरतं. पावसात लाइट गेली की फ्रिज बंद पडतो म्हणून घाबरून कुपी फेकणारे आहेत आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवणारेही आहेत. वापरातली कुपी मातीच्या मडक्यात, सावलीत, साधारण चार आठवडे चालते. गोठलेली मात्र टाकून द्यायची.

एवढ्या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. संपूर्ण माणसाची शुश्रूषा म्हणतात ती ही. तिला हळवेपणा समजून बाजूला ठेवतात, पण ती जितकी मायेची तितकीच तांत्रिक गोष्ट आहे. पेजेची वेळ ठाऊक नसेल तर डोस ठरवताच येत नाही.

हृदय कमजोर झालेल्या रोग्याचंही तसंच. 'मीठ कमी खा' सांगितलं की तो मान हलवतो, कारण वरून मीठ तो घेतच नाही. विचारायचं ते पुरुमेंताबद्दल, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या खाऱ्या-सुक्या जिनसांबद्दल. पावसाळ्यात ताजी मासळी नसते. मग सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), खारातले आंबे, लोणचं. सगळं मीठ तिथून जातं आणि आषाढात पाय सुजतात. त्याला रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायला शिकवा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता कळवायचं. वजनकाटा नसेल तर आरोग्य उपकेंद्रात येऊन करू दे.

तिसरं उदाहरण जरा जास्त लांबवतो, कारण गोव्यातल्या वॉर्डांत ते वारंवार दिसतं आणि टाळता येण्यासारखं असतं. बाइकवरून पडून मांडीचं हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस सर्जिकल वॉर्डात येतो. पहिला दिवस शांत. दुसऱ्या रात्री हात थरथरतात, नाडी ११०च्या वर, घाम. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घरची माणसं रडतात, शेवटी त्याचे हात कॉटला बांधले जातात. दारू अचानक सुटल्यावर पहिल्या दिवसातच कंप सुरू होऊ शकतो आणि ४८ ते ९६ तासांत भ्रमाचा धोका सर्वात जास्त असतो. भरती करतानाच विचारलं असतं तर हे आधीच कळलं असतं. 'दारू पिता का?' असं विचारलं की बायकोसमोर उत्तर 'नाही, कधीतरी' असंच येणार. घरच्यांना जरा बाहेर बसवून विचारा: 'काल किती झाली? फेणी की व्हिस्की? क्वार्टर की जास्त? शेवटची कधी?' मार्च ते मे असेल तर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, वेगळी विचारा, कारण पुष्कळांच्या लेखी ती दारूच नाही. व्हिस्कीची एक क्वार्टर १८० मिलिलिटरची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज एवढी घेणारा भरती झाला की दर काही तासांनी थरथर, घाम, नाडी, अस्वस्थपणा यांचे गुण मांडायचे आणि गुण वाढायला लागले की डॉक्टरांना लगेच उठवायचं. ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं, हेही लक्षात आणून द्यायचं. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता हिशेब मांडू. चाळीस खाटांचा वॉर्ड, बारा तासांची रात्रपाळी, दोन सिस्टर. दोघींची मिळून १,४४० मिनिटं, म्हणजे खाटेमागे ३६. त्यात रात्रीची आणि पहाटेची औषधं, इंजेक्शनं, ताप-नाडी-बीपी, सलाइन, नोंदी, दोन हँडओव्हर, ब्लड बँकेत कोणाला पाठवायचं त्याची तजवीज, विमा योजनेचे कागद, हरवलेला एक्स-रे. एखादा रोगी बिघडला तर पाऊण तास दोघी तिथेच. वरची दहा मिनिटं यातून काढायची कुठून? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या इस्पितळासाठी तीन रोग्यांमागे एक नर्स, इतर इस्पितळांत पाचामागे एक, आयसीयूत एकास एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव माणसं असं आहे. या ३० टक्क्यांकडे कोणी बघत नाही. ते भरलेले नसतील तर कोणाच्या बाळंतपणाची रजा असो की चवथीची, ती दुसऱ्या कोणाच्या डबल ड्यूटीतूनच निघते.

थकवा आणि बर्नआउट हे वेगळे. थकलेली सिस्टर दोन दिवस झोपून उठली की बरी होते. बर्नआउटच्या तीन खुणा क्रिस्टिना मासलाक यांनी १९८१ साली आपल्या २२ प्रश्नांच्या मापनात मांडल्या आणि अजून त्याच वापरल्या जातात: भावनिकदृष्ट्या पूर्ण रितं होणं, रोग्याकडे वस्तूसारखं बघायला लागणं, आणि आपल्या कामाने काहीच साधत नाही असं वाटणं. मधली खूण वॉर्डात कानाने ओळखू येते. '१२ नंबरची आजी' हळूहळू नुसती '१२ नंबर' होते, मग 'तो फूट', म्हणजे नुसता मधुमेहाने बिघडलेला पाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची नोंद रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था अशी ती नोंद आहे. नोंदीतच कारण आहे, कामाची जागा. म्हणून सुटीच्या दिवशी बोलावून घेतलेल्या ध्यानाच्या कार्यशाळेने बर्नआउट हटत नाही. उलट ती सुटी तेवढी जाते.

माझं मत असं की आपल्याकडच्या अनुभवी सिस्टरांना कामाच्या भाराइतकंच दुसरं एक कारण पोखरतं. त्यांना दिसत असतं आणि हात बांधलेले असतात. पेजेची वेळ तिने काढली, कागदावर लिहिली, पण नर्सिंग नोट राउंडला कोणी वाचत नाही. पुढच्या खेपेला आजीची पुन्हा दोन युनिटं वाढतात. असं पन्नास वेळा झालं की माणूस विचारणंच सोडून देतो. तोच बर्नआउट, आणि रोग्याचं नुकसानही तिथेच.

यावर पाळीपुरते काही उपाय इनचार्ज सिस्टरच्या हातात असतात. पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट फिरवल्या की झोप बसत नाही. सलग रात्री शक्यतो तीनपेक्षा जास्त नकोत. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास हवेत. दुपारची पाळी रात्री आठला सुटते, पण पेडण्याची किंवा काणकोणची, म्हणजे गोव्याच्या टोकाची, सिस्टर घरी पोचायला दहा वाजतात आणि सकाळच्या पाळीसाठी पहाटे उठावं लागतं. कागदावर ते बारा तास दिसतात, झोप मिळते जेमतेम पाच. रात्री दोन ते चारच्या दरम्यान आळीपाळीने २० मिनिटं पडायला मिळालं तर पहाटेच्या औषधांच्या वेळी झापड कमी येते. मात्र तेवढ्या वेळात तिचे रोगी कोणाकडे, हे नावानिशी ठरलेलं हवं. रात्रपाळी करून बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून स्कूटरने महामार्गावर निघणं ही सर्वात धोक्याची वेळ. बस किंवा सोबतीची गाडी ठरवा, नाहीतर निघण्याआधी इस्पितळातच अर्धा तास झोपा.

हँडओव्हर चार भागांत ठेवा: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, आता काय करायला हवं. तिसरा भाग सिस्टर गाळतात, कारण 'मला काय वाटतं' म्हणायची सवयच लावलेली नसते. डॉक्टरांना रात्री फोन करतानाही हाच क्रम. 'सर, पेशंट बरा नाही' याला 'बघतो' हे उत्तर येतं. 'नाडी १२४, बीपी ९० वर ५८, दोन तासांत लघवी नाही, मला सेप्सिस वाटतोय, तुम्ही येऊन बघा' याला येत नाही.

आणि आठवडाभर, फक्त आठवडाभर, एका पाळीतली बिगर-नर्सिंग कामं मिनिटांत लिहून काढा. कागदपत्रं, सामान आणणं, फोन, नातेवाइकांना खिडकी दाखवणं. मेट्रनसमोर 'फार काम आहे' म्हणून गेलात तर सहानुभूती मिळते. 'रोज प्रत्येकीची इतकी मिनिटं यात जातात, एक वॉर्ड क्लार्क द्या' म्हणून कागद घेऊन गेलात तर निदान फाइल हलते.

सुट्यांनंतरही मन उठत नसेल, घरच्या माणसांतही रस उरला नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो. आपल्याच इस्पितळात दाखवायला संकोच वाटतो, तो खरा आहे. म्हणूनच हा नंबर वॉर्डाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

गोव्यानेच जगाला दाखवलेली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. १९९६पासून इथे काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रोग्यांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार, तर दारूच्या त्रासासाठी जास्तीत जास्त चार बैठकांचा उपचार तपासून पाहिला. दोन्हींचा फायदा दिसला आणि निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले. या कामातला आवडणारा भाग म्हणजे देखरेख. समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि ठरलेल्या मापाने गुण द्यायचे. अवघड रोग्याचं ओझं एकट्यावर राहत नाही आणि कामाचा दर्जाही घसरत नाही. वॉर्डात हे करायला पंधरवड्याला पाऊण तास पुरतो: एक केस, पाच-सहा जणी, कोणाचा दोष काढायचा नाही, पुढच्या वेळी काय करू ते लिहायचं. फक्त तो वेळ ड्यूटीतला हवा.

आता अधिकाराचा मुद्दा, म्हणजेच नर्स प्रॅक्टिशनर. ही कल्पना १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी सुरू केली. आज तिथे नर्स प्रॅक्टिशनर तपासते, निदान करते, औषध लिहून देते, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत डॉक्टरांच्या सहीशिवाय. तिथल्या मासिकांत बर्नआउटवर जे वाचायला मिळतं ते या अधिकारासोबत आलेल्या कागदी कामाचं आणि रोग्यामागे १५ मिनिटं मोजून देणाऱ्या दवाखान्यांचं दुखणं आहे. आपलं दुखणं त्याच्या एक पायरी अलीकडचं.

भारतात सध्या तीन वाटा आहेत. पहिली, क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम, भारतीय परिचर्या परिषदेचा, दोन वर्षांचा, पदव्युत्तर दर्जाचा, २०१६-१७च्या सुमारास आलेला. बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि किमान वर्षभराचा अनुभव लागतो, तो आयसीयूतला असेल तर उत्तम. ही रेसिडेन्सी आहे. वर्गातले तास थोडे, बाकी आयसीयूत. शिकायचं ते फक्त व्हेंटिलेटर आणि इनोट्रोपचे (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांचे) डोस एवढंच नाही. बोलू न शकणाऱ्या रोग्याची वेदना चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी होणारी झटापट यांवरून ० ते ८ गुणांत मोजायची, आणि ३ किंवा जास्त आले की वेदना आहे असं धरायचं. भ्रम ओळखण्यासाठी इंग्रजी अक्षरांवर हात दाबायची चाचणी आहे. पण काणकोणच्या शेतकऱ्याला 'ए' ऐकल्यावर हात दाब म्हटलं तर तो गोंधळेल आणि तुम्ही त्याला भ्रम झाला असं लिहाल. तिथे अंक वापरायचे, कोंकणीत, मराठीत किंवा त्याच्या कन्नडमध्ये. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी पिशवीतून काढून रोग्याला परत लावणं हाही भ्रमावरचा उपचार आहे, आणि त्याला कोणाची सही लागत नाही.

दुसरी वाट मिडवाइफरीची. २०१८च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८ महिन्यांचं प्रशिक्षण, आणि साधी बाळंतपणं मिडवाइफने स्वतः सांभाळायची अशी युनिटं. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत दहातली जवळजवळ चार सिझेरियनची होती. इथे या पदाची गरज पटवून द्यायला वेगळा पुरावा लागू नये. तिसरी वाट आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची. नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, अलीकडच्या बी.एस्सी.त तो आतच मिसळलेला. बीपी-शुगरची चालू औषधं देणं, पाठपुरावा, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांना जोडणं. पद लहान वाटतं, पण पेजेची वेळ विचारायची सर्वात चांगली जागा हीच.

यातल्या कुठल्याही वाटेने भारतात नर्सला अमेरिकेसारखं स्वतंत्रपणे औषध लिहिता येत नाही. सगळं संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलवर चालतं, म्हणून तो कागद महत्त्वाचा. 'गरजेनुसार इन्सुलिन कमी करावे' असं वाक्य निरुपयोगी. 'उपाशीपोटी साखर ७०च्या खाली एकदा जरी आली तर पुढचा डोस १० ते २० टक्के कमी करावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे' असं असेल तर सिस्टर काम करू शकते आणि उद्या विचारणा झाली तर सुरक्षितही राहते.

बाहेर जायचं असेल तर एक गैरसमज दूर करा. पोर्तुगीज पासपोर्ट असला म्हणून ब्रिटनची नर्सिंग नोंदणी आपोआप मिळत नाही. तिथे प्रशिक्षण कुठे झालं ते बघतात. भारतात शिकलेल्यांना संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते, सोबत इंग्रजीचा पुरावा. तिथे वरचं पद हवं तर पुढे मास्टर्स आणि औषध लिहिण्याचा वेगळा कोर्स. अमेरिकेत आधी एनक्लेक्स ही परीक्षा देऊन नर्स म्हणून परवाना, मग तिथली मास्टर्स किंवा डॉक्टरेट. आपला दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे थेट नर्स प्रॅक्टिशनर म्हणून चालत नाही, कोणी एजंट सांगत असला तरी.

आणि इथेच राहून रेसिडेन्सी करायची असेल तर प्रवेशाची फी भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. संस्थेला परिषदेची त्या वर्षीची मान्यता आहे का. दोन वर्षं विद्यावेतन किती, आणि चालू सरकारी नोकरी असेल तर अभ्यासरजा मिळते की बिनपगारी. कोर्स संपल्यावर त्या नावाचं पद त्या इस्पितळाच्या यादीत आहे की पुन्हा स्टाफ नर्स म्हणूनच लागायचं. आणि आयसीयूत नर्स प्रॅक्टिशनरने स्वतः काय ठरवायचं याचा सही असलेला प्रोटोकॉल. शेवटचा कागद 'तयार होतोय' असं उत्तर आलं तर त्या आयसीयूत आधी शिकून बाहेर पडलेल्या एखादीला गाठा आणि विचारा, गेल्या महिन्यात तू स्वतःच्या सहीने कुठला डोस बदललास?